दाराशी उभा असलेला बाप

माझ्या कामाच्या खोलीत बाळ झोपल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. तान्ह्या बाळांना ऐकू येतं की नाही, हे तपासण्याचं माझं काम. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे छोट्या पट्ट्या चिकटवायच्या, कानात मऊ रबराचं बोंड बसवायचं आणि मशीनमधून टकटक आवाज सोडायचे. आवाज आतपर्यंत पोचला की पडद्यावर बारीक लाटा उमटतात. पण बाळ जागं असेल, हातपाय हलवत असेल, तर त्या लाटांचा नुसता गुंता होतो. म्हणून आधी झोप हवी. गाढ, अंग सैल सोडलेली.

खोली हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. भिंतींना आतून जाड कापड लावलंय, खिडकी नाही, दार इतकं जड की ते लावायला खांदा द्यावा लागतो. कोपऱ्यात एक पिवळा दिवा जमिनीलगत ठेवलेला. बाहेर दिल्ली आपल्या गतीनं चाललेली असते, हॉर्न, बांधकामं, रिक्षावाल्यांची भांडणं. आत आलं की आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो. नवीन माणूस पहिल्यांदा आत येतो तेव्हा तो आपोआप हळू बोलायला लागतो, कुणी सांगितलेलं नसतानाही.

अर्धं आयुष्य मी त्या खोलीत दुसऱ्यांची मुलं झोपण्याची वाट बघत काढलंय. दुपारची वेळ, समोर आई खुर्चीत बाळाला पाजतेय, बाळाच्या पापण्या जड होताहेत, त्यापाठोपाठ आईच्याही आणि मग माझ्याही. एकदा घरी येऊन मी म्हटलं, ‘आज तीनदा पेंग आली गं बाई.’ माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो म्हणाला, ‘पेंग म्हणजे? पेंग्विन?’ दिल्लीत वाढलेला मुलगा. त्याला झपकी कळते, पेंग नाही. मग मी त्याला झोपेचे सगळे शब्द सांगितले. डुलकी, पेंग, गुंगी, साखरझोप. त्यानं त्यातला साखरझोप तेवढा ठेवून घेतला, बाकीचे माझे मला परत केले.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. वडील यवतमाळकडून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. आता मी मयूर विहारला राहते, हॉस्पिटलपासून चालत पंधरा मिनिटांवर. ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मास्कचे दिवस नुकते सरत होते, पण तान्ह्या बाळांमुळे आम्ही तो सोडला नव्हता. माझ्या खोलीच्या दारावर मी स्वतः एक कागद चिकटवला होता. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, ‘बच्चे के साथ केवल माँ’. त्यामागे वाईट हेतू काही नव्हता. माणसं वाढली की कुजबुज वाढते, कुणाचा तरी फोन वाजतो, बाळ दचकतं. आई पाजते, बाळ झोपतं, काम होतं. बाप बाहेर बाकावर बसतात. त्यात काही वावगं आहे असं मला बारा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

थंडी सरत आली होती तेव्हा एक कुटुंब आलं. बाळाच्या आईचं माहेर आमच्या हॉस्पिटलच्या मागच्याच वस्तीत, म्हणून बाळंतपणाला ती इथे आली होती. सासर पानिपतला. नवरा तिथे यंत्रमागावर काम करायचा, चादरी आणि ब्लँकेटं विणायच्या कारखान्यात. जन्मल्यानंतर वॉर्डातच आम्ही प्रत्येक बाळाची एक झटपट चाचणी करतो, त्यात त्यांची मुलगी दोन्ही वेळा पास झाली नव्हती. बऱ्याचदा कानात जन्माच्या वेळचं पाणी राहिलेलं असतं, दोन-तीन महिन्यांत सगळं ठीक निघतं. पण मोठी चाचणी करून खात्री करावी लागते.

मी ते सगळं आईला समजावून सांगत होते. ती बारीक चणीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली, बाळाकडे बघत ऐकत होती. नवरा दाराशी उभा होता. उंच, खांदे किंचित वाकलेले, शर्टाच्या शिवणीत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. मी म्हटलं, ‘अडीच महिन्यांची झाली की आणा. येताना वाटेत झोपू देऊ नका. अजिबात नाही. भूक लागलेली, दमलेली हवी. इथे आल्यावर पाजा, मग ती छान झोपेल.’ आणि शेवटी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, ‘इनको भी समझा दीजिए.’

तो हसला. मान डोलावली. नेहमीचंच, असं मला वाटलं. बाळाच्या फाईलच्या कडेला मी पेन्सिलीनं एक शेरा मारून ठेवत असे, पुढच्या वेळी आठवण राहावी म्हणून. त्या दिवशी लिहिलं, वडिलांना फारसा रस नाही.

ठरल्याप्रमाणे ते आले तेव्हा पानिपतहून आले. बस, मग मेट्रो, मग ई-रिक्षा. आईला बस लागली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाळ नवऱ्याच्या खांद्यावर. आणि बाळ असं ताजंतवानं, असं टवटवीत की बघत राहावं! मला बघून ती बोळक्यानं हसली. तो अभिमानानं म्हणाला, ‘पूरे रास्ते सोई, मैडम. एक बार भी नहीं रोई.’

मी दीड तास प्रयत्न केला. पाजून झालं, थोपटून झालं, दिवा आणखी मंद केला. ती पिवळ्या दिव्याकडे टक लावून बघत राहिली, जणू हा दिवा बघायलाच पानिपतहून आली होती. शेवटी मी दार उघडून बाहेर आले आणि त्या माणसाला म्हटलं, ‘झोपू देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना? एवढी एकच गोष्ट सांगितली होती. आता पुन्हा यावं लागेल.’

तो हसला आणि मान डोलावली.

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी आणखी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही, पण चांगलं बोलले नसणार. आतून त्याची बायको हळूच म्हणाली, ‘गलती मेरी है, दीदी. मैं ही सो गई थी बस में.’ ती खाली मान घालून बाळाचे मोजे चढवत होती. मी नवीन तारीख लिहून दिली, तीही तिच्याच हातात.

तिसऱ्या खेपेला मे महिना लागला होता. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. मी खोलीचं दार उघडलं तर समोर तो एकटा उभा. छातीशी पातळ ओल्या मलमलीत गुंडाळलेलं बाळ, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा थर्मास. बाळाचे डोळे लाल, तोंड वाकडं. कुणीतरी तिला खूप वेळ बळजबरीनं जागं ठेवलंय हे बघताक्षणी कळत होतं. त्याच्या बाहीला तिच्या लाळेचा मोठा ओला डाग पडला होता.

‘आई कुठे आहे?’ मी विचारलं.

तो हसला, मान डोलावली.

‘बच्चे की माँ कहाँ है? माँ के बिना नहीं होगा.’

पुन्हा तेच हसू. पण या वेळी मी जरा नीट बघितलं. ते हसू माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतं. ते माझ्या मास्ककडे बघत होतं, बंद दाराकडे बघावं तसं.

माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. मी मास्क काढून गळ्यात अडकवला, चष्मा ओढणीला पुसला आणि कंटाळलेल्या आवाजात, मघापेक्षा हळूच, तिसऱ्यांदा म्हटलं, ‘माँ कहाँ है इसकी?’

तो ताबडतोब म्हणाला, ‘उसको टाइफाइड है, मैडम. दस दिन से.’ आणि मग माझ्या तोंडाकडे बोट करून, थोडं संकोचून, ‘इसे ऐसे ही रहने दीजिए. मुँह दिखता है तो समझ जाता हूँ.’

मी तिथेच उभी राहिले. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी स्ट्रेचर ढकलत गेलं, त्याची चाकं कुरकुरत होती, ते लांब जाईपर्यंत मला ऐकू येत राहिलं. बारा वर्षं कान तपासण्यात गेलेली बाई मी. माझ्या दाराशी ऐकू न येणारा माणूस तीनदा उभा राहिला आणि मी त्याच्या मुलीच्या फाईलवर लिहिलं होतं की त्याला रस नाही.

मी बाजूला झाले आणि त्याला आत घेतलं. त्या खुर्चीत बसलेला तो पहिला बाप. तो तिच्या काठावर बसला, जणू कुणी उठवायला येईल. मी हातानं खूण केली, मागे टेका. त्यानं थर्मासमधून कोमट दूध बाटलीत ओतलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, सरावलेल्या हातानं. मग शर्टाची वरची दोन बटणं उघडली आणि बाळाला उघड्या छातीवर आडवं घेतलं. बाळ पिऊ लागलं. पिताना तिचा हात त्याच्या गळ्यापाशी चाळा करत होता. हळूहळू तो थांबला. बाटलीचं निपल ओठातून सुटलं.

मी पट्ट्या चिकटवल्या. कानात नळी बसवली. तो हलला नाही. इतकं स्थिर बसलेलं माणूस मी त्या खोलीत आजवर पाहिलं नव्हतं. आया बिचाऱ्या ओढणी सारखी करतात, केस मागे घेतात, बाळाची टोपी नीट करतात. हा नुसता श्वास घेत होता, आणि त्याच्या श्वासाबरोबर बाळ वरखाली होत होतं, पाण्यात बांधून ठेवलेल्या होडीसारखं. मशीन टकटकत होतं. पिवळा उजेड त्याच्या हनुवटीपर्यंत चढला होता. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आहे, रस्ते आहेत, माणसं आहेत, यावर विश्वास बसू नये अशी ती दुपार.

आवाज मोठा असला की लाट उमटत होती. लहान करत गेले तशी ती विरत गेली, आणि जिथे ती दिसायला हवी होती तिथे पडदा सपाट राहिला. उजवा कान. मग डावा. दोन्हीकडे तेच. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

अशा वेळी आवाज कसा ठेवायचा हे आम्हाला शिकवलेलं असतं. घाबरवायचं नाही, खोटी आशा लावायची नाही. तो आवाज माझ्या घशात तयार असतो. मी वळले आणि पाहिलं तर तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो इतका वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. आवाज सांभाळायची मला सवय होती, चेहरा सांभाळायची नव्हती. ते काम मास्कवर सोडलेलं होतं.

तो हळूच म्हणाला, ‘नहीं सुनती ना?’

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले, दिवा माझ्या तोंडावर येईल अशी. आणि सावकाश, एकेक वाक्य करून सांगितलं. अगदीच ऐकू येत नाही असं नाही. मोठे आवाज येतात. आपलं साधं बोलणं येत नाही. कानामागे मशीन लावलं तर येईल. लवकर लावलं तर ती बोलायलाही शिकेल, शाळेतही जाईल. तो प्रत्येक वाक्यानंतर डोळे मिटून उघडत होता. कळलं, असा त्याचा अर्थ होता. मान मात्र एकदाही डोलावली नाही. तेव्हा मला समजलं की त्याची मान डोलावणं म्हणजे कळलं नाही.

त्यानं विचारलं, ‘मेरी वजह से?’

त्यानं मग सांगितलं ते असं. पंधराव्या वर्षापासून तो मागावर उभा होता. शेडमध्ये साठ माग एकदम चालतात. पाच-सहा वर्षांत कानात शिट्टी वाजू लागली, मग आवाज ऐकू यायचे पण त्यातले शब्द निसटायचे. घरात हे कुणी बोलत नसे. लग्न ठरलं तेव्हाही आईनं झाकून ठेवलं. बायकोला लग्नानंतर आठवड्यानं कळलं, आणि मग तीही झाकू लागली. वॉर्डात बाळ चाचणीत पास झालं नाही तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली होती, ‘बाप पर गई है.’ तेव्हापासून तीन महिने ते वाक्य तो छातीवर घेऊन फिरत होता. मी झोपेबद्दल काय सांगितलं होतं ते दुसऱ्या खेपेनंतर बायकोनं घरी जाऊन त्याला सांगितलं होतं, पण हे त्यानं तिला विचारलं नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाला विचारणार?

‘इथे कुणाला तरी विचारायचं होतं,’ मी म्हटलं. मग माझंच मला ऐकू आलं.

‘इथे मला सगळे दोनच गोष्टी सांगायचे,’ तो म्हणाला. ‘सही इथे करा. आणि बाहेर थांबा.’

मी त्याला सांगितलं की गोंगाटानं गेलेले कान पुढच्या पिढीत उतरत नाहीत. ते तुमच्या मागांनी केलं, तुमच्या रक्तानं नाही. बाळाचं का झालं याचं कारण कधी सापडतं, कधी नाही, आपण आणखी तपासण्या करू. पण हे मागाचं बहिरेपण तिच्याकडे गेलेलं नाही. मी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यानं डोळे मिटले ते लवकर उघडलेच नाहीत. बाळ झोपलेलं होतं म्हणून तो आवाज न करता रडला.

त्यानंतर त्यानं विचारलं, ‘तो अब मैं क्या करूँ?’

पालकांना द्यायचा आमचा एक हिंदी कागद होता. माझ्या टेबलावर त्याचा गठ्ठाच असायचा. मी त्यातला एक त्याला दिला. तो एका हातानं बाळाला सावरत, दुसऱ्या हाताचं बोट ओळींवरून फिरवत वाचू लागला. माँ बच्चे के पास बैठे. माँ चेहरा सामने रखे. माँ धीरे-धीरे बोले. माँ गाकर सुनाए. मी उलट्या बाजूनं वाचत होते आणि प्रत्येक ओळीला माझे कान तापत होते. त्यानं वर बघून विचारलं, अगदी सरळपणे, काहीही टोमणा नसलेल्या सुरात, ‘यह सिर्फ़ माँ कर सकती है?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘बिल्कुल नाही.’

मी पेन घेऊन पहिल्या ओळीवर ‘माँ’च्या पुढे ‘और पिता’ लिहिलं. तेवढं पुरे होतं, पण मी सगळ्या ओळींवर लिहिलं. त्याला मी म्हटलं, खरं तर चेहरा समोर ठेवून बोलणं तुमच्याइतकं कुणालाच येत नसेल. तो लाजला. मग त्याचा चेहरा एकदम बदलला, आणि कारखान्यात ते कसं बोलतात ते त्यानं मला दाखवलं. आवाज नाही, फक्त ओठ, भुवया आणि एक मोकळा हात. पहिलं वाक्य, धागा तुटलाय. दुसरं, चहा आला. तिसऱ्याला त्यानं गाल फुगवले, पोटावरून हात फिरवला आणि डोळे दाराकडे वळवले. मालक येतोय. तिन्ही मला कळली. त्या बिनआवाजाच्या खोलीत आम्ही दोघं आवाज न करता हसलो, आणि त्याच्या छातीवर ते बाळ हसण्यानं हललं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा झोपलं.

पट्ट्या काढून झाल्यावरही मी त्याला लगेच उठवलं नाही. पुढचं बाळ बाहेर रडत होतं, ते एवीतेवी जागंच होतं.

त्या रविवारी सकाळी आमच्या बाल्कनीत नवरा आंबे कापत बसला होता. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘आपला मुलगा झाला तेव्हा हॉस्पिटलमधले लोक तुझ्याशी काय बोलले रे?’

त्यानं विचार केला. ‘साइड में खड़े रहिए.’

‘आणखी?’

‘आणखी काही नाही. तीन दिवसांत एवढंच.’ त्यानं कोय माझ्याकडे सरकवली, मला आवडते म्हणून. ‘हो, एकदा काचेबाहेरून बघून घ्या म्हणाले. आत सात-आठ बाळं होती. आपलं कुठलं ते कुणी सांगितलं नाही. मी एका बाळाकडे अर्धा तास बघत राहिलो. इतका जीव लावला यार त्याच्यावर. मग दुसराच कुणीतरी आला आणि त्याला घेऊन गेला.’

‘हे तू मला कधी सांगितलं नाहीस.’

‘तू कधी विचारलं नाहीस,’ तो म्हणाला. रागानं नाही. आंब्याचा रस त्याच्या मनगटावरून ओघळत होता, तो चाटत म्हणाला, ‘तोही छान होता पण. कुरळे केस होते.’

मुलगा आतून ओरडला, ‘कोण कुरळे?’ नऊ वर्षं आम्ही ज्या घरात राहत होतो त्याच घरात माझ्याच पेशाच्या लोकांनी बाजूला उभा केलेला एक माणूस राहत होता आणि मी त्याला रोज डबा भरून देत होते. दुपारभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सोमवारी मी दारावरचा कागद काढला. चिकटपट्टीची खूण राहिली. स्टोअरमधून आणखी एक खुर्ची आणून ठेवली. दोघंही आत येतील, दोघांचेही फोन बाहेर राहतील, असं ठरवलं. दोघांना विचारायचं, तुम्हाला नीट ऐकू येतंय ना, भाषा कळतेय ना, काही विचारायचंय का. आणि सांगायची वेळ आली की मास्क खाली, दोन पावलं मागे, तोंडावर दिवा. एक ज्येष्ठ डॉक्टर हसून म्हणाले, ‘आता काय बापांनाही अंगाई ऐकवणार?’ मी म्हटलं, गरज पडली तर ऐकवीन.

सगळं काही छान झालं असं मात्र नाही. काही बाप आत आले आणि बायकोला बोलूच देईनात. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर ते द्यायचे. बाळ रात्री किती वेळा उठतं हेही तेच सांगायचे, चुकीचं. एका आईनं जाताना मला कानात सांगितलं, ‘दीदी, पहिलं होतं तेच बरं होतं, तेवढा अर्धा तास मला शांत मिळायचा.’ तिचंही खोटं नव्हतं. मग मी दोघांना एकत्र घेऊ लागले, पण मध्ये पाच मिनिटं आईला एकटीला आणि पाच मिनिटं बापाला एकट्याला. त्या पाच मिनिटांत बाप काय काय विचारतात! बाळाला उचलताना मान तुटेल का. बायको सारखी रडते, ते माझ्यामुळे का. एक पोलीस शिपाई होता, भरघोस मिशांचा, त्यानं विचारलं की मला मुलीबद्दल अजून काहीच वाटत नाही, हे बरोबर आहे का. मी म्हटलं, होतं असं, वेळ लागतो, आणि वेळ लागूनही नाही झालं तर मला येऊन सांगा. तो पुन्हा आला नाही. त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

पानिपतच्या मुलीला साडेचार महिन्यांची असताना कानामागची यंत्रं लागली. बाळाचे कान भराभर वाढतात, त्यामुळे कानात बसणारा मऊ साचा दर काही आठवड्यांनी नवा करावा लागतो. त्यासाठी कधी आई यायची, कधी दोघं, बऱ्याचदा तो एकटा. बायको टायफॉइडमधून उठल्यावर एकदा आली तेव्हा म्हणाली, ‘सकाळी मशीन हेच लावतात. माझ्याकडून लावून घेत नाही ती, ओढून टाकते. ह्यांच्यापुढे बसते गुपचूप.’ मग म्हणाली, ‘मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, दीदी. लाज वाटली.’ मी तिला म्हटलं, लाज माझी आहे, तू कशाला घेतेस.

त्याचीही चाचणी मी केली, त्याच खोलीत, मोठे हेडफोन लावून. त्यालाही यंत्रं मिळाली. शेडमध्ये तो ती काढून खिशात ठेवतो आणि कानात बोळे घालतो. घरी लावतो. पहिल्या दिवशी कुकरच्या शिट्टीला तो इतका दचकला की ताट सांडलं, असं बायकोनं हसत हसत सांगितलं. त्याला सगळ्यात नवल वाटलं ते बाळाच्या श्वासाचं. झोपली की बारीक घोरते, म्हणाला, कुणी मला सांगितलंच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात ते तिघं आले होते. मुलगी तेव्हा चार वर्षांची होत आली होती. बोलते, सगळे उच्चार साफ नाहीत, पण बोलते, आणि भांडते. बापाशी बोलायचं असलं की आधी त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते आणि मग सुरू होते. या वयाच्या मुलांना चाचणीसाठी झोपावं लागत नाही, त्यांची चाचणी शेजारच्या काचेच्या खोलीत होते. टोपलीत लाकडी ठोकळे असतात. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ. आई-बाप दोघं काचेपलीकडे बसले होते, मांडीला मांडी लावून, तिच्याहून जास्त गंभीर.

ती छान खेळली. मोठा आवाज, ठोकळा. लहान आवाज, ठोकळा. अगदी बारीक आवाजाला तिनं मान तिरकी केली, छताकडे बघितलं, वाट बघितली आणि मग खात्री झाल्यासारखा ठोकळा टाकला. मग तिला कंटाळा आला. तिनं उरलेले ठोकळे फ्रॉकच्या ओच्यात भरले, अर्धवट लोटलेलं दार ढकलून बाहेर गेली आणि सगळेच्या सगळे बापाच्या मांडीत ओतले.

‘बस,’ ती म्हणाली. ‘अब घर.’

तो माझ्याकडे बघून हसला. मी काचेतून हातानं खूण केली, झालंय, जा. त्यांना चारची बस गाठायची होती.